तासांची वही कुणाची?

(लखनौ येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात मराठी प्रतिनिधींसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण पुष्पक एक्स्प्रेसने आले. ही गाडी लखनौ जंक्शनला लागते. बाहेर पडून मान वळवली की शेजारीच चारबागचे घुमटवाले जुने स्थानक दिसते. एक स्थानक पूर्वोत्तर रेल्वेचे, दुसरे उत्तर रेल्वेचे. दोन्ही रेल्वेंचे आपापले लखनौ विभाग आहेत. नवखा माणूस गोंधळतो, की आपली गाडी नेमकी कोणत्या लखनौहून सुटणार? पण आपण रेल्वेची माणसे. पाट्या दोन असल्या तरी कायदा एक आहे हे आपल्याला ठाऊक असते.

आज आम्हाला याहून मोठ्या गोंधळाविषयी बोलायचे आहे. देशातल्या कोणत्याही मोठ्या स्थानकावर फलाट झाडणाऱ्या बाईला विचारा, "बाई, तुमचा मालक कोण?" ती ठेकेदाराचे नाव सांगेल, नाहीतर मुकादमाचे. रेल्वेचे नाव सांगणार नाही. फलाट रेल्वेचा, प्रवासी रेल्वेचे, कचरा रेल्वेचा, आणि बाई मात्र कुणाचीच नाही! पगार थकला तर रेल्वे म्हणते ठेकेदाराला विचारा, आणि ठेकेदार म्हणतो बिल निघाले नाही. कायदा काय म्हणतो, आणि त्या कायद्यात आपले, म्हणजे कायम नोकरीवाल्यांचे, काम कोणते, एवढेच आज मांडतो.

प्रथम थोडा इतिहास, कारण मिळालेली गोष्ट कशी मिळाली हे विसरले की ती जायला वेळ लागत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकरी केली होती, म्हणजे आपल्या दोन्ही घरांचे ते पूर्वज. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरल्या तारखेला पगार. रविवारची सुटी गिरणी मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. सहा वर्षे लागली! २००५ मध्ये टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले. किती जणांनी ते हातात घेऊन पाहिले असेल कोण जाणे.

रेल्वेत तासांचा कायदा आला तो १९३० मध्ये. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचा करार हिंदुस्थान सरकारने मान्य केला होता, म्हणून नाइलाजाने रेल्वे कायद्यात कामाच्या तासांचे नवे प्रकरण घालावे लागले. सततच्या कामाला आठवड्याला ६० तास आणि खंडित कामाला ८४ तास अशी मर्यादा ठरली. सातांनी भागले तर दिवसाला १२ तास, तेही एकही सुटी न घेता.

नंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष आले. १९४६ मध्ये टपाल-तार खात्याच्या वादात लवाद म्हणून तेच होते आणि रेल्वेच्या वादातही तेच. रेल्वेचा त्यांचा निवाडा १९४७ चा. इंटेन्सिव्ह, कंटिन्युअस, एसेन्शियली इंटरमिटंट आणि एक्सक्लुडेड ही जी चार नावे आपण रोज उच्चारतो, ती चौकट त्या निवाड्याने पक्की केली. १९६९ मध्ये न्या. मियाभॉय यांचा लवाद नेमला गेला, त्याने ती पुढे नेली. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने दहा तासांची लढाई केली आणि ८ मे १९७४ रोजी देशभरच्या रेल्वेचा चाक-जाम झाला. मनमाड, भुसावळ, परळ इथल्या ज्या कुटुंबांनी त्या मे महिन्यात चूल कशी पेटवली हे सांगितले आहे, त्यांच्या मुलांना हा इतिहास आम्ही वेगळा शिकवायला नको.

आजचा कायदा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचा आहे आणि त्याखाली २००५ चे नियम आहेत. त्यातील आकडे प्रत्येकाला तोंडपाठ हवेत. इंटेन्सिव्ह कामाला दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ४५ तास. कंटिन्युअस कामाला तशाच सरासरीने ५४ तास. एसेन्शियली इंटरमिटंट कामाला आठवड्याला ७५ तास. यापुढचा प्रत्येक तास दुप्पट दराने. रोस्टरच्या तासांपलीकडे पण या मर्यादेच्या आत जे काम होते, त्याला नियमानुसार दीडपट. इंटेन्सिव्ह आणि कंटिन्युअस कामगाराला दर आठवड्याला सलग ३० तास विश्रांती. इंटरमिटंट कामगाराला सलग २४ तास, आणि त्यात एक पूर्ण रात्र आलीच पाहिजे.

आता पाहा, यातले प्रत्येक वाक्य कामगाराला उद्देशून नाही, प्रशासनाला उद्देशून आहे. वर्गवारी करायची त्यांनी, रोस्टर लावायचे त्यांनी, विश्रांती द्यायची त्यांनी, तास मोजायचे त्यांनी आणि पैसे द्यायचे त्यांनी. आपण 'ओव्हरटाइम मागतो' असे म्हणतो, ते बोलणेच चुकीचे आहे. ती मागणी नाही, ते देणे आहे. दुकानदाराचे बिल आपण मागणी समजतो का?

वर्गवारीचा प्रश्न तर गेटमन बंधूंच्या जिवाचा. दहा-बारा वर्षांपूर्वी गेटवरून ज्या गाड्या जात होत्या, त्याच्या दुप्पट आज जात असतील. बसून राहण्याचा वेळ उरलेला नाही, तरी कागदावर मात्र तो अजून इंटरमिटंट. कायद्याने इंटरमिटंट म्हणायचे तर ड्यूटीतला निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ रिकामा असावा लागतो. तो नसेल तर पुन्हा जॉब अ‍ॅनालिसिस मागा. तरीही वाद राहिला तर प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे (केंद्रीय) जाण्याची वाट आहे. ही वाट वापरली जात नाही म्हणून तिच्यावर गवत वाढते.

आणि हा कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा किती, तर फार तर पाचशे रुपये दंड! त्यामुळे शिक्षेच्या भीतीने कायदा पाळला जाईल या भरवशावर कुणी राहू नये. तो पाळला जातो तो जागरूक शाखेमुळे.

टपाल खात्यातील बंधूंना वाटेल, हे सगळे रेल्वेचेच चालले आहे. तसे नाही. ग्रामीण डाक सेवकाला जे मिळते त्याचे नावच पाहा. त्याला पगार म्हणत नाहीत, 'वेळेशी निगडित सातत्य भत्ता' म्हणतात. जुलै २०१८ पासून त्याचे चार तासांचा आणि पाच तासांचा असे दोन गट आहेत. म्हणजे पैसा थेट तासांना बांधलेला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि खेड्यातल्या त्याच माणसाच्या पिशवीत बोटाचे ठसे घेण्याचे यंत्र आले. पत्रे चार तासांत वाटून होतात, पण नेटवर्क येईपर्यंत पारावर बसून राहिलेला वेळ कुठल्या वहीत जातो? १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे डाक सेवक नागरी पद धारण करतात, त्यांना वाटेल तसे काढता येणार नाही. दर्जा मिळाला, तासांचा हिशेब मात्र अजून अपुरा आहे.

आता पगाराकडे वळू. एप्रिल १९३६ मध्ये याच लखनौत काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, पंडित नेहरू अध्यक्ष होते. किसान सभेची स्थापनाही त्याच दिवसांत इथेच झाली. आणि त्याच महिन्यात, २३ एप्रिलला, वेतन प्रदान अधिनियम मंजूर झाला. तो कायदा कुणाला लागू होता? कारखान्यातील कामगारांना आणि रेल्वेवर काम करणाऱ्यांना. पण रेल्वेच्या नोकरांपुरते ते थांबले नाही. रेल्वेशी करार करणाऱ्या ठेकेदाराकडे, आणि त्याच्या उपठेकेदाराकडे, कामाला असलेल्या माणसांनाही तो लागू होता. म्हणजे फलाटावरच्या त्या बाईचा विचार इंग्रजाच्या राज्यात कायद्याच्या पहिल्याच कलमात झाला होता.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने पुढचे पाऊल टाकले. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर मुख्य मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठबिगारी आहे, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला सुटता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यात विलीन झाले. संहितांविषयी कामगार चळवळीच्या हरकती आहेत, त्या आपण रस्त्यावर येऊन सांगितल्या आहेत आणि सांगत राहू. पण जे हत्यार त्यात शिल्लक आहे ते गंजू देऊ नये. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामावरून काढले किंवा राजीनामा दिला तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. जादा कामाला दुप्पट दर. पगाराची चिठ्ठी दिलीच पाहिजे. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी सहा महिने किंवा वर्षभरच मुदत होती. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, मिळाला नाही हे सिद्ध करण्याची कामगारावर नाही. ठेकेदार चुकला तर मुख्य मालकाने भरायचे हे तत्त्वही कायम आहे. सुरक्षितता व कार्यस्थितीची संहिता केंद्र सरकारच्या कार्यालयांना लागू नाही, पण त्या कार्यालयांत ठेक्यावर असलेल्या कामगारांना मात्र ती लागू आहे. टपाल कार्यालयातील सफाईवाला त्यात आला.

कायदा इतका चांगला, मग अडते कुठे? आमच्या शाखेतली एक हकीकत सांगतो. स्थानकाचे आणि ठेकेदाराचे नाव सांगत नाही, कारण अशी स्थानके एक नाहीत.

काही वर्षांपूर्वी अकरा सफाई कामगार महिला आमच्या कार्यालयात आल्या. काम बारा तास, हजेरीत आठ. बँकेत पगार जमा होई, पण ए.टी.एम. कार्डे मुकादमाच्या खिशात. कोऱ्या हजेरीपत्रकावर आधीच अंगठे आणि सह्या घेतलेल्या. आम्ही विचारले, "बारा तास केले याला पुरावा काय?" त्या गप्प. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "साहेब, घड्याळ नाही आमच्याकडं, पण गाड्या आहेत ना. पहाटेच्या पॅसेंजरला येतो, रात्रीची मेल गेली की सुटतो." तिची मुलगी सातवीत होती. त्या मुलीने आपल्या वहीच्या मागच्या पानांवर सहा महिने रोज लिहून ठेवले होते. आई कोणत्या गाडीला गेली, कोणत्या गाडीनंतर घरी आली.

बंधूंनो, आम्ही तीस वर्षे चळवळीत आहोत, पण ही युक्ती आम्हाला सुचली नव्हती. गाडी किती वाजता आली आणि सुटली, ते स्थानकाच्या नोंदवहीत मिनिटाला मिनिट लिहिलेले असते. मुलीच्या वहीतली गाडी आणि रेल्वेच्या वहीतली वेळ शेजारी ठेवली की तास आपोआप सिद्ध! केंद्रीय कामगार अंमलबजावणी अधिकाऱ्यासमोर ठेकेदाराचा माणूस ती पाने उलटत बसला, त्याला उत्तर देता आले नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. पगार वाटप आमच्या उपस्थितीत पूर्ण झाले, असा दाखला मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने पगार नोंदवहीच्या शेवटी सहीनिशी द्यायचा असतो. तो दाखला दर महिन्याला दिलेला होता. सही कुणाची? आमच्याच संघटनेच्या एका सभासदाची! त्याने पगार वाटप पाहिले नव्हते. वरून सांगितले म्हणून सही केली. चौकशीत तो म्हणाला, "माझा काय संबंध, ती ठेकेदाराची माणसं." त्या दिवशी आम्हाला कळले की मालकाची जबाबदारी बुडवायची तर मालकाला आपलाच एक हात लागतो.

निकाल काय लागला तेही खरे सांगतो. सहा महिन्यांपैकी दोन महिन्यांचा फरक मिळाला, कार्डे परत मिळाली, हजेरी रोज लिहू लागले. पण जिने वही आणली तिला पुढच्या ठेक्यात घेतले नाही. आम्ही अर्ज केले, भेटी घेतल्या, काही झाले नाही. तिचे देणे आमच्या संघटनेवर अजून बाकी आहे असे आम्ही मानतो. ते या सभेत कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

कुणी म्हणेल, ठेक्यावरच्यांचे दुखणे आपण का घ्यावे? त्याचे उत्तर याच शहरात २०२० मध्ये मिळाले. साथीचे दिवस होते. ८ मे २०२० रोजी लखनौहून उत्तर प्रदेश सरकारने अधिसूचना काढली की कारखान्यात दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ७२ तास काम घेता येईल. बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे बाजूला ठेवणाऱ्या वटहुकुमालाही मंत्रिमंडळाने त्याच आठवड्यात मंजुरी दिली होती. तीच ८ मे ची पहाट आपल्या महाराष्ट्रात करमाडजवळ उजाडली ती सोळा मजुरांच्या प्रेतांवर. जालन्याहून चालत निघालेले, दमून रुळांवर झोपलेले आणि मालगाडीखाली गेलेले ते मजूर. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर पडलेल्या आपण पाहिल्या. ती गाडी चालवणारा आपलाच बंधू होता, त्या रात्रीचे ओझे त्याच्याही छातीवर राहिले. १९७४ च्या संपाची तारीखही ८ मे. हा योगायोग आम्हाला विसरता येत नाही.

पण बारा तासांचे काय झाले? कामगारांची संघटना अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने नोटीस काढली आणि १५ मे रोजी सरकारने ती अधिसूचना मागे घेतली. आठवडाभरात! गुजरातने अशीच अधिसूचना काढली होती. तीत लिहिले होते की आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२० रुपये द्यावेत. हिशेब करून पाहा. कायद्याप्रमाणे वरचे चार तास दुप्पट दराने, म्हणजे आणखी ८० रुपये, एकूण १६०. दिवसाला ४० रुपये कामगाराच्या खिशातून काढण्याची ती सरकारी परवानगी होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली आणि झालेल्या जादा कामाचे पैसे कायद्याच्या दराने देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे विषय मिटलेला नाही, तो आपल्या दारात आला आहे. ठेकेदाराच्या माणसाचे बारा तास आज आपण चालवून घेतले, तर उद्या तोच आकडा आपल्या रोस्टरवर चढेल.

म्हणून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत अशी आमची विनंती आहे.

पहिले. प्रत्येक सभासदाने स्वतःच्या तासांची वही ठेवावी. साइन ऑन, साइन ऑफ, विश्रांती केव्हा सुरू झाली, केव्हा संपली. पोस्टमन आणि डाक सेवकांनीही ठेवावी. शाखा सचिवाने महिन्यातून एकदा ती रोस्टरशी ताडून पाहावी.

दुसरे. आपल्या स्थानकात, डेपोत, वर्कशॉपमध्ये, टपाल कार्यालयात ठेक्यावर किती माणसे आहेत याची यादी करावी. त्यांना पगाराची चिठ्ठी मिळते का, कार्ड कुणाकडे असते, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर लेखी मुख्य मालकाकडे पाठवावे आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय पत्र गेले असे समजू नये.

तिसरे आणि सर्वांत अवघड. आपल्या सभासदाने न पाहिलेल्या पगार वाटपावर सही करू नये. वरून दडपण आले तर संघटनेला कळवावे. अशा सभासदाच्या पाठीशी शाखा उभी राहील असा ठराव आमच्या शाखेने केला आहे, तो तुम्हीही करा.

मालकाचे कर्तव्य कायद्यात लिहिलेले आहे. पण मालक ते आपणहून वाचत नाही, त्याला ते वाचून दाखवावे लागते. सातवीतल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर ते वाचून दाखवले. आपल्याकडे तर शाखा आहे, शिक्का आहे, मान्यता आहे. आता वहीही असू द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!